काचेवरचे पाणी कोणाचे?

पावसाळ्यात घाट चढताना मोटारीच्या काचांवर आतल्या बाजूने जी धूसर झिलई चढते, तिच्याविषयी आपल्याकडे एक समजूत इतकी खोल रुजली आहे की ती पडताळून पाहावी असे कोणाच्या मनातही येत नाही. बाहेरचे धुके फटींतून आत शिरते आणि काचेवर बसते. म्हणून काचा घट्ट लावाव्यात, बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद ठेवावी, आणि आधीच गारठा पडलेला असताना त्यात भर घालणारा एसी तर मुळीच चालू करू नये, अशी ती समजूत आहे. गेल्या आषाढात वाईला एका स्नेह्यांच्या घरी बसलो असता त्यांनी ही कैफियत अत्यंत सुसूत्रपणे मांडली. गृहस्थ महसूल खात्यातून निवृत्त झालेले, चाळीस वर्षे स्वतः मोटार चालवलेले, कुंभार्ली, वरंध, आंबेनळी हे घाट ज्यांना घरच्या जिन्यासारखे पाठ आहेत असे. त्यामुळे बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या यात नवल नाही. मी शंका घेतली तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही पुस्तकातली हवा मोजता; आम्ही घाटातली हवा खाल्ली आहे." त्यांच्या अनुभवाविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि त्यांच्या शेजारी बसून कोणत्याही घाटातून जाण्यास मी निःशंकपणे तयार आहे, परंतु त्यांचे हे मत तिन्ही अंगांनी चुकीचे आहे, इतकेच नव्हे, तर ते अशा प्रकारे चुकीचे आहे की त्याप्रमाणे वागणारा मनुष्य ज्या धूसरतेपासून पळू पाहतो तीच स्वतःच्या हाताने वाढवीत असतो. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

या समजुतीचे एक मूळ आपल्या बोलण्याच्या रीतीतच असावे. दव पडले असे आपण म्हणतो, धुके आले असे म्हणतो; जणू दव वरून कोठून तरी खाली पडते आणि धुके दूरच्या गावाहून चालत येते. पाण्याला आपण पाहुणा ठरवला, की तो कोणत्या दाराने आत आला याचाच शोध सुरू होतो, आणि तो मुळात घरातलाच असू शकेल ही शक्यता दृष्टीआड होते. ही भूल केवळ मराठी माणसाचीही नव्हे. दव आकाशातून पडते की जमिनीतून वर येते, हा वाद युरोपात दीर्घकाळ चालला होता. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने लंडनजवळच्या एका बागेत रात्र रात्र जागून, लोकरीचे पुंजके उघड्यावर आणि फळीच्या आडोशाला ठेवून, सकाळी त्यांची वजने करून १८१४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे हे प्रस्थापित झाले की दव पडतही नाही आणि उगवतही नाही. हवेत अदृश्य रूपाने असलेले बाष्प जो पृष्ठभाग पुरेसा थंड असेल त्याच्यावर जागच्या जागी पाणी होऊन बसते. पृष्ठभाग किती थंड झाला म्हणजे हे घडते, ते त्या पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेत बाष्प किती आहे यावर अवलंबून असते, आणि त्या तपमानालाच दवबिंदू म्हणतात. काचेच्या आतल्या अंगाला लागून असलेली हवा ही मोटारीच्या आतली हवा होय. एवढे एकच वाक्य नीट ध्यानात धरले तर पुढचा सारा वाद निकालात निघतो.

आपल्या स्वयंपाकघरात याची उत्तम साक्ष आहे. मातीचा माठ बाहेरून ओला असतो आणि थंड पाण्याने भरलेला तांब्याही पावसाळ्यात बाहेरून ओला होतो. परंतु या दोन ओलाव्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. माठाचा ओलावा त्याच्या पोटातलाच असतो. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून तो झिरपून बाहेर येतो. तांब्याला छिद्रे नाहीत. त्याच्या अंगावरचे पाणी खोलीतल्या हवेने दिलेले असते. मोटारीच्या काचेला घाम आला, काच पाझरली, असे म्हणणारे लोक काचेला माठ समजतात. काच तांब्याच्या जातीची आहे. तिच्यातून पाणी आरपार जात नाही. ज्या बाजूला थेंब दिसतात त्या बाजूच्या हवेनेच ते तिच्या हवाली केलेले असतात.

आता बाहेरचे धुके खरोखरच आत शिरले असे क्षणभर मान्य करू आणि ते किती पाणी आणील याचा हिशेब मांडू. दाट धुक्याच्या एका घनमीटरात थेंबांच्या रूपाने असलेले पाणी क्वचितच अर्ध्या ग्रॅमहून अधिक भरते. साधारण मोटारीच्या आतली जागा तीन घनमीटरांच्या आसपास असते; म्हणजे सारी मोटार धुक्याने काठोकाठ भरली तरी दीड ग्रॅम पाणी आत येईल, आणि तेसुद्धा माणसांच्या उबेने तापलेल्या हवेत क्षणार्धात विरून जाईल. उलट, स्वस्थ बसलेला एक प्रौढ मनुष्य श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला सुमारे चाळीस ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाच माणसे बसली की तासाला दोनशे ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाणी झाले. पुढची काच पूर्णपणे आंधळी करण्यास काही थोडे ग्रॅम पुरेसे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे जमेची मुख्य बाजू कोणती आणि किरकोळ कोणती, हे सांगण्यास हिशेबनीस लागत नाही. यात भिजलेल्या छत्र्या, मागच्या सीटवर टाकलेले रेनकोट, चिखलाने माखलेली पादत्राणे आणि पायाखालच्या ओल्या मॅट यांची भर मी अजून घातलेलीच नाही.

आंबेनळी घाटाचेच उदाहरण घेतो, कारण माझ्या स्नेह्यांचा तो आवडता दाखला आहे. पोलादपूरला चहा घेऊन मंडळी मोटारीत बसली, दारे लागली, आणि कोकणातली दमट हवा आत कोंडली गेली. त्या हवेचा दवबिंदू चोवीस अंश धरला, आणि आषाढात तो तेथे तितका असणे अगदी स्वाभाविक आहे, तर तिच्या दर घनमीटरात सुमारे बावीस ग्रॅम बाष्प असते. तासाभरात मोटार महाबळेश्वराच्या पठाराशी, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर येते. तेथे बाहेरचे तपमान अठरा अंशांवर उतरलेले असते, आणि काचेवरून अखंड वाहणारे पावसाचे पाणी तिला जवळजवळ त्याच तपमानावर आणून ठेवते. अठरा अंशांना हवेच्या एका घनमीटरात पंधरा ग्रॅमच बाष्प टिकू शकते. वरचे सहा-सात ग्रॅम, तीन घनमीटरांचे मिळून वीस ग्रॅम, केवळ कोकणातून वर आणलेल्या हवेपोटी काचेवर उतरण्यास सिद्ध असतात, आणि त्यावर पाच माणसांच्या तासभराच्या श्वासांचे दोनशे ग्रॅम! वरंध्याला किंवा पसरणीला दाट धुके होते म्हणून काच धूसर झाली, असे जे माझे स्नेही सांगतात, त्यात धुके साक्षीदार म्हणून हजर होते हे खरे, पण आरोपी म्हणून नव्हे. ज्या थंडाव्याने बाहेर धुके धरले त्याच थंडाव्याने काच गार झाली, आणि एका कारणाची ती दोन कार्ये एकमेकांची कारणे मानली गेली. धुक्याचा लवलेश नसलेल्या पौषातल्या चांदण्या रात्री, काचा लावून मोटारीत चार माणसे घटकाभर गप्पा मारीत बसली तर काय होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने जरूर पाहावे.

आता एसीवरील फिर्यादीकडे वळतो. वादातले हेच कलम खरे महत्त्वाचे, कारण येथे माझ्या स्नेह्यांच्या बाजूला दोन प्रत्यक्ष निरीक्षणे आहेत आणि ती दोन्ही खरी आहेत. पहिले असे की, पावसाळी रात्री मुंबईत किंवा गोव्यात एसी जोरात चालू असता पुढच्या काचेच्या खालच्या भागावर, डॅशबोर्डच्या झरोक्यांच्या बरोबर वर, धूसर पट्टा उमटतो. उमटतो खरा, परंतु तो बाहेरून उमटतो. आतून काच वीस अंशांपर्यंत गार झाली आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंश असला, म्हणजे आता तांब्याच्या बाहेरच्या अंगाची पाळी आली. बोटाने आतून रेघ ओढून पाहावी. ती उमटत नाही, आणि वायपरचा एक फेरा तो पट्टा पुसून नेतो. थंड झोत काचेवरून वळवून अंगाकडे घ्यावा, गारवा थोडा कमी करावा, एवढाच यावर इलाज आहे. बाहेरच्या काचेवरील या गुन्ह्याची शिक्षा आतल्या काचेच्या बाबतीत एसीला देणे हा न्याय नव्हे.

दुसरे निरीक्षण अधिक सूक्ष्म आहे, आणि मला वाटते, सारा गैरसमज त्याच्यावरच पोसला गेला आहे. पुष्कळ वाहनचालक घाटात एसी काही वेळ चालवतात, गार वाटू लागले की बंद करतात, आणि बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत सगळ्या काचा एकाएकी पांढऱ्या होतात. यावरून ते असा निष्कर्ष काढतात की एसीने काही तरी करून ठेवले. होय, करून ठेवले. परंतु काय करून ठेवले ते नीट पाहिले पाहिजे. एसीची कूलिंग कॉइल शून्याच्या वर जेमतेम काही अंशांवर असते. तिच्यावरून जाणारी हवा आपल्यातले बहुतेक बाष्प तिच्या अंगावर पाणी करून टाकते, आणि ते पाणी मोटारीखालच्या ड्रेन पाइपवाटे रस्त्यावर ठिबकते. दमट दिवसात तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी अशा रीतीने मोटारीबाहेर घालवले जाते. पाच माणसांचे दोनशे ग्रॅम त्यात सहज मावतात. आता हे काम चालू असता, कॉइल ओलीचिंब असताना, थंडावा बंद केला आणि पंखा मात्र फिरता ठेवला, तर तीच कॉइल उबदार होऊ लागते आणि तिच्या अंगावरचे पाणी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा बाष्प होऊन आत परतते. म्हणजे काच धूसर झाली ती एसी लावल्यामुळे नव्हे; ज्या क्षणी त्याची सर्वाधिक गरज होती त्या क्षणी तो बंद केल्यामुळे. एखादा पहारेकरी रात्रभर जागून चोर धरतो, आपण पहाटे त्याला रजा देतो, चोर सुटतात, आणि आपण दप्तरी लिहितो की पहारेकरी होता म्हणून चोरी झाली.

खुद्द मोटारी बनवणाऱ्यांची साक्षही या बाजूची आहे. पुष्कळ मोटारींत पुढची काच साफ करण्याचे जे स्वतंत्र बटण असते, ते दाबताच एसी आपोआप चालू होतो. हीटरची उबदार हवा सोडली तरी कॉइल आपले काम करीतच असते. हवा आधी तेथे कोरडी होते, मग तापवली जाते, आणि अशी कोरडी व उबदार हवा काचेला दुहेरी मदत करते: एकीकडून काचेचे तपमान वर नेते आणि दुसरीकडून तिच्याजवळच्या हवेचा दवबिंदू खाली आणते. नुसती हवा तापवून तिच्यातले पाणी कमी होत नाही, हे मात्र विसरू नये.

येथे विलायती पुस्तकांतून उचललेल्या सल्ल्याविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण एसी नको म्हणणारे लोक त्याचाही आधार घेतात. काचा किंचित उघडा, बाहेरची हवा आत घ्या, हीटर लावा, झाले, असे ती पुस्तके सांगतात, आणि त्या देशांपुरते ते खरे आहे. कारण तेथे हिवाळ्यात बाहेरची हवा शून्य अंशांवर असते आणि पूर्ण संपृक्त झाली तरी तिच्या घनमीटरात पाच ग्रॅमसुद्धा बाष्प नसते. ती आत घेऊन तापवली की ती कोरडीठाक ठरते. कोकणातल्या आषाढाची हवा घनमीटरामागे वीस ग्रॅमहून अधिक पाणी घेऊन येते. काचा उघडल्याने आतला दवबिंदू बाहेरच्या दवबिंदूपर्यंत खाली येईल, त्याच्या खाली कधीच नाही; आणि पावसाने धुतलेली काच तर बाहेरच्याच तपमानावर बसलेली. म्हणजे काच धूसर होण्याच्या उंबरठ्यावर आपण उभे राहू, उंबरठा ओलांडून सुरक्षित बाजूला जाणार नाही. तरीही बंद काचांपेक्षा किंचित उघड्या काचा शतपटीने बऱ्या, आणि ज्यांच्या मोटारीत एसी नाही त्यांनी पावसाचे चार थेंब अंगावर घेऊन हाच मार्ग धरावा. परंतु ज्यांच्यापाशी एसी आहे त्यांनी तो घाटात बंद ठेवणे, म्हणजे घरात दिवा असून अंधारात जिना उतरणे होय.

बाहेरच्या हवेची झडप बंद ठेवावी की उघडी, या प्रश्नावर तर माझ्या स्नेह्यांनी सर्वांत ठाम भूमिका घेतली होती: बाहेर इतका ओलावा असताना ती उघडणे म्हणजे शत्रूला वेस उघडून देणे! त्यांच्या ध्यानात हे आले नाही की झडपेवाटे येणारी हवा सरळ माणसांपाशी येत नाही. एसी चालू असता ती आधी त्या थंड कॉइलवरून जाते आणि आपले पाणी तेथे ठेवूनच पुढे येते. ती बाहेरून आली काय की आतूनच फिरून आली काय, कॉइलवरून निघताना तिचा दवबिंदू जवळजवळ सारखाच असतो. उलट एसी बंद, झडप बंद, काचा बंद, आणि आत पाच माणसे, ही जी स्थिती ते आदर्श म्हणून सांगतात, तिच्यात बाष्पाला जाण्यास एकही वाट उरत नाही. जमा चालू आणि खर्च शून्य. अशा खात्यातली शिल्लक काचेवरच दिसणार.

काचेला लावायच्या नाना वस्तूंचा मी धावता उल्लेख करतो. कोणी तंबाखू चोळतो, कोणी कापलेला बटाटा, कोणी साबण. यांनी पाणी कमी होत नाही. साबणासारख्या पदार्थामुळे थेंबांऐवजी पाण्याचा सलग पातळ थर धरतो, आणि असंख्य बारीक थेंब जसा उजेड विस्कटून टाकतात तसा तो थर टाकीत नाही, एवढाच त्यांचा गुण. तो काही वेळ टिकतो, आणि त्याच्या मागे राहिलेला राप पुढे समोरून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडात डोळे दिपवतो. काच आतून स्वच्छ असावी हे मात्र खरे. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून उन्हाने उडून काचेवर बसणारा तेलकट पापुद्रा महिन्यातून एकदा तरी नीट पुसून काढावा. आणि हाताच्या तळव्याने काच पुसण्याची जी सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे ती तर सोडलीच पाहिजे, कारण तळव्याचा चिकटा त्याच पापुद्र्यात भर घालतो.

कोणी विचारील, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा लेखनप्रपंच कशाला? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या शंभराव्या नियमाने पुढच्या व मागच्या काचेतून निदान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान पन्नास टक्के प्रकाश पार झाला पाहिजे असे बंधन घातले. त्याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली, आणि त्याचा अंमल करण्यासाठी रस्त्यारस्त्यावर पोलीस उभे राहिले. फिल्म निदान दिसते, तिच्यासाठी दंड भरता येतो. घाटाच्या वळणावर, डाव्या हाताला दरी आणि समोरून एस.टी. येत असताना, एक हात चाकावर व दुसरा काच पुसण्यात गुंतलेला जो माणूस मी अनेकदा पाहिला आहे, त्याची काच कोणत्याही फिल्मपेक्षा अधिक आंधळी असते, आणि ती आंधळी राहण्याचे कारण बहुधा हेच असते की कोणा अनुभवी माणसाने त्याला एसी बंद ठेवण्याचा सल्ला दिलेला असतो. इंधन वाचते असे म्हणावे, तर घाटातल्या तासाभरात जे वाचते ते इतके अल्प आहे की त्याच्या बदल्यात दृष्टी गहाण टाकणे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

आषाढातला तो वाद तेथेच थांबला. परंतु आश्विनात माझ्या स्नेह्यांनी मला मुद्दाम पत्र पाठवून एक नवा पुरावा रुजू केला. पाऊस संपला आहे, रात्री आकाश निरभ्र असते, मोटार अंगणात रिकामी उभी असते, तीत ना माणूस ना श्वास. तरीही सकाळी काचा आतून ओल्या! हे पाणी कोणाचे, ते आता सांगा, असा त्यांचा प्रश्न होता. पुरावा बिनतोड वाटावा असाच होता, आणि त्याला कागदावर उत्तर देण्याऐवजी मी वाईला गेलो. निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाकडे टाकून सभोवतालच्या हवेहूनही गार होते, हे वेल्सने दाखवलेच आहे; प्रश्न फक्त आतल्या बाष्पाचा होता. मी त्यांना पुढच्या डाव्या सीटसमोरची मॅट उचलायला सांगितली. मॅटखालचा नमदा दाबताच बोटांभोवती पाणी आले. तेथे पाणी येते म्हणून गावातल्या एका गॅरेजने त्यांच्या पुढच्या काचेचे बीडिंग दोनदा बदलले होते आणि दोन्ही वेळा पैसे घेतले होते. कूलंट गळत असावे, अशीही एक शंका घेण्यात आली होती. परंतु त्याला येणारा गोडसर वास आणि काचेवर बसणारा चिकट थर येथे नव्हता. भर उन्हात गावातल्या गावात फिरताना ते एसी लावीत असत, आणि मोटारीखाली पाणी ठिबकत नाही याचे त्यांना उलट समाधान वाटत असे. मी मोटारीखाली शिरून ड्रेन पाइपच्या तोंडाशी तार घातली. आधी चिखलाचा बोळा निघाला आणि मग जवळजवळ तांब्याभर पाणी अंगणात सांडले. महिनोन्महिने हवेतून काढलेले ते पाणी, बाहेरची वाट बुजल्यामुळे, आत नमद्यात मुरत होते आणि रात्री काचेवर चढत होते.

नमदा काढून दोन दिवस उन्हात घातला. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे अंगणात आलो, तेव्हा काचेवर पाणी होतेच. त्यांनी काही न बोलता दार उघडले, आत बसले, आणि आतून काचेवर बोटाने रेघ ओढली. ती उमटली नाही.